ताऱ्यांचे माप आणि मापणाऱ्यांची मजुरी

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. इमारत पाहिली की ती उभारणाऱ्या हातांची चौकशी करण्याची आम्हांला खोड आहे. विश्वाच्या मोजमापाचा इतिहासही आम्ही त्याच खोडीपायी वाचला.

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे काचांवर घेत, आणि त्यांवरील ठिपके मोजण्याचे काम स्त्रियांकडे असे. हेन्रिएटा लेव्हिट १८९५ साली तेथे बिनपगारी आल्या. १९०२ पासून त्यांना तासाला ३० सेंट मिळू लागले. त्यांच्याकडे रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज कमी-अधिक होते ते तारे, सोपविलेले होते. पेरू देशातून आलेल्या निरनिराळ्या रात्रींच्या काचा ताडून पाहून त्यांनी मॅगेलनी मेघांतील १७७७ रूपविकारी तारे १९०८ साली नोंदविले.

१९१२ साली त्यांनी लहान मेघातील २५ तारे घेतले. त्यांच्या तेजाचा एक फेरा पुरा होण्यास सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत काळ लागे. जितका तारा तेजस्वी, तितका फेरा दीर्घ, असा नियम त्यांना आढळला.

याचे महत्त्व काय? अंधारात दिसणारा कंदील मुळातच मिणमिणता आहे की नुसता लांब आहे, हे ठरविता येत नाही. पण या मेघातले सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा त्यांच्या तेजातला फरक खरा. मग फेरा मोजला की खरे तेज कळते, आणि दिसणाऱ्या तेजाशी ते ताडले की अंतर निघते. कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. १९१३ साली हर्ट्‌झस्प्रुंग यांनी जवळच्या अशा ताऱ्यांवरून या मापाला प्रमाण दिले. १९२३ साली हबल यांना देवयानीत ३१ दिवसांचा असाच एक तारा सापडला. त्यावरून अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे निघाले, आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. १९५२ साली बाडे यांनी असे तारे दोन जातींचे असल्याचे दाखवून माप दुरुस्त केले. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे धरतात.

१९१२ चे ते पत्रक संचालक पिकरिंग यांच्या सहीने निघाले. ते लेव्हिटबाईंनी तयार केल्याचा उल्लेख त्यात आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बाई १९२१ साली वारल्या. १९२५ साली स्वीडनचे गणिती मिताग-लेफलर यांनी नोबेल पारितोषिकासाठी नाव सुचविण्याच्या हेतूने बाईंना पत्र धाडले. ते घ्यायला बाई नव्हत्या.

मजुरीची थकबाकी वारसांना तरी मिळते. श्रेयाची थकबाकी मात्र ज्याची त्याला, हयातीतच चुकती झाली पाहिजे.