उद्योजकता शिक्षणाचे धोरण आणि देवणी परिसर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
उद्योजक हा जन्मावा लागतो, ही समजूत भारतात दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे लहान व्यापाऱ्यांना प्रशिक्षण देऊन या समजुतीस आव्हान दिले. सिद्धिप्रेरणा शिक्षणाने वाढविता येते, हा त्यांचा निष्कर्ष पुढील धोरणांना आधारभूत ठरला. लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेवरील देवणी या कृषिप्रधान तालुक्याच्या संदर्भात या धोरणांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, अशी मागणी केली होती. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारित नई तालीम मांडली. परंतु त्या काळी देवणी परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी भाषक शेतकऱ्याच्या मुलास ही वाट सुलभ नव्हती. १९२१ मध्ये हिप्परगा येथे सुरू झालेली राष्ट्रीय शाळा हा या परिस्थितीतील महत्त्वाचा अपवाद होय.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ, १९७२ मध्ये परभणी येथे कृषी विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण दाराशी आले; मात्र त्याचे ध्येय प्रामुख्याने नोकरी हेच राहिले.

धोरणाची वाटचाल :
कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव व माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणाची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ च्या सुधारणेत हीच उद्दिष्टे अनुक्रमे १९९५ व २००० पर्यंत पुढे ढकलावी लागली. १९८८ मध्ये औरंगाबाद येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय घडविण्याचे ध्येय मांडले. उद्दिष्टांचे आकडे वाढत गेले. परंतु व्यवसाय हा कमी गुण मिळविणाऱ्यांचा पर्याय, हा सामाजिक दृष्टिकोन पुरेसा बदलला नाही.

देवणीचा संदर्भ :
देवणीचे नाव देशभर पोहोचले ते येथील गोवंशामुळे. दूध व शेतकाम या दोन्हींसाठी उपयुक्त असणाऱ्या या वंशाच्या जडणघडणीत गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांचा वाटा मानला जातो. काळ्या तोंडाची वानेरा, अनियमित काळे ठिपके असणारी शेवरा आणि पांढरी बालंक्या हे प्रकार पशुपालक नजरेने ओळखतात. वळूची निवड, जोपासना, बाजारभावाचा अंदाज आणि जोखीम पत्करण्याची तयारी हे उद्योजकतेचेच गुण होत. तथापि, शाळेने या ज्ञानाला ज्ञान मानले नाही. दुसरीकडे, याच जिल्ह्यातील ‘लातूर पॅटर्न’ने परीक्षेतील यशाचा मानदंड निर्माण केला. ग्रामीण मुलांना त्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडली, हे निर्विवाद आहे. परंतु ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही, अशा मुलांचे काय, हा प्रश्न त्यातून अधिक तीव्र झाला.

निष्कर्ष :
१. उद्योजकता शिक्षणाच्या धोरणात सातत्य आहे. उणीव आहे ती स्थानिक अनुभवाशी असलेल्या नात्याची.
२. केवळ योजना व कर्ज यांची माहिती म्हणजे उद्योजकता शिक्षण नव्हे. हिशेब, दूधप्रक्रिया, विक्री आणि वंशनोंदी यांचा प्रत्यक्ष सराव आवश्यक आहे.
३. पशुपालकाच्या अनुभवास महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थान मिळाल्यास देवणीतील विद्यार्थी आपल्या घरच्या व्यवसायाकडे माघार म्हणून नव्हे, तर संधी म्हणून पाहू शकेल.

फुल्यांनी १८८२ मध्ये मांडलेली अपेक्षा या अर्थाने आजही अपुरी आहे.