जखमेची भरपाई

कोल्हापुरांतील राजारामपुरींत आज मोटारसायकलच्या धडकेनें एखाद्याचा पाय मोडला, तर भरपाईसाठीं त्याला खास न्यायाधिकरणाचें दार उघडें आहे. पूर्वीं तसें नव्हतें. हिंदुस्थानांत १८५५ सालीं झालेला कायदा अपघातांत मृत्यु आल्यासच वारसांस भरपाई देववी. जगलेल्या जखमीस दिवाणी दाव्याचीच वाट असे. १९३९ च्या मोटार कायद्यानें तिऱ्हाइताच्या इजेचा विमा सक्तीचा केला; १९५६ च्या दुरुस्तीनें न्यायाधिकरणांची तरतूद केली; १९८२ पासून, मृत्यु वा कायमचें अपंगत्व आल्यास, चालकाचा दोष सिद्ध न करतांहि ठराविक रक्कम मिळूं लागली. १९९४ मध्यें उठविलेली मुदतीची अट मात्र १ एप्रिल २०२२ पासून कायद्यांत परत आली: अर्ज सहा महिन्यांत करावा. मोडलेलें हाड सांधतां सांधतांच तेवढा काळ सरतो. शंभर वर्षांनीं हातीं आलेला हक्क अंथरुणावर पडल्या पडल्या गमावूं नये.