पावसाळ्यात उभी ट्रॉली : टायरवरचा भार काढून ठेवण्याची पद्धत

ट्रॅक्टरची ट्रॉली काम नसलेल्या महिन्यांत थोडी उचलून तिचे वजन टायरऐवजी लाकडी ठोकळ्यांवर किंवा लोखंडी स्टँडवर घेण्याची पद्धत आहे. टायर एकाच जागी दबून बसू नयेत, बाजूने तडकू नयेत आणि ओल्या मातीत रुतून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू. अमेरिका-कॅनडासारख्या थंड देशांत सहलीला नेण्याचे, आत राहण्याची सोय असलेले ट्रेलर हिवाळाभर असेच टेकूंवर ठेवले जातात. यवतमाळ जिल्ह्यात मात्र हिवाळा हाच ट्रॉलीच्या धावपळीचा काळ असतो आणि ती उभी राहते पावसाळ्यात. त्यामुळे प्रश्न बदलतो. इथे टायरपेक्षा टेकूखालच्या जमिनीचा विचार आधी करावा लागतो.

ट्रॉली कधी उभी असते

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सीतादही करून वेचणी सुरू झाली की ट्रॉलीला उसंत नसते. कापूस जिनिंगकडे किंवा बाजार समितीत, मग सोयाबीन-तुरीची पोती, पुढे हरभरा आणि गहू. उन्हाळ्यात शेणखत, तलावातला गाळ, मुरूम. मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, खत-बियाणे घरी आले की ट्रॉली सुटते आणि ट्रॅक्टर पेरणी-फवारणीला लागतो. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत पांदण रस्ते चिखलाने असे भरतात की ट्रॉली नेणेच शक्य नसते. उमरखेड-महागावकडच्या उसाच्या पट्ट्यात फक्त ऊसवाहतुकीला ठेवलेल्या ट्रॉल्या याहून जास्त काळ उभ्या राहतात.

उभ्या टायरचे काय होते

ट्रॉलीला बहुधा ७.५०-१६ किंवा ९.००-१६ मापाचे, आत ट्यूब असलेले नायलॉनचे टायर असतात. नायलॉनचे धागे उष्णतेने सैल पडतात आणि दबलेल्या अवस्थेत थंड झाले की तोच आकार धरून ठेवतात. मे महिन्याच्या उन्हात तापलेली ट्रॉली आणून उभी केली, की जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊ लागतो. मोटारीच्या टायरचा असा चपटेपणा काही किलोमीटर वेगात धावल्यावर बहुधा निघून जातो, कारण टायर पुन्हा गरम होतो. ट्रॉली सावकाश चालते, टायर पुरेसा तापत नाही आणि चाक बराच काळ उडत राहते.

याहून मोठे नुकसान हवा कमी झाल्यामुळे होते. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते. चार महिन्यांत टायर बसतो, त्याची बाजू दुमडते आणि ट्यूबला घड्या पडतात. हवेतला ओझोन वायू रबराला तडे पाडतो, पण ताणलेल्या रबरालाच. बसलेल्या टायरच्या दुमडलेल्या बाजूवर नेमका तोच ताण असतो. म्हणून तडे आधी तिथे दिसतात. टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारे मेणासारखे घटक मिसळलेले असतात. चाक फिरताना रबर लवते आणि ते घटक पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरमध्ये ही क्रिया मंदावते. वापरलेला टायर टिकतो आणि ठेवलेला खराब होतो, हा चालकांचा अनुभव यावरूनच आलेला आहे.

उचलावी की उचलू नये

प्रत्येक ट्रॉली उचलण्याची गरज नसते. महिन्यातून एकदा खत आणायला बाहेर पडणारी ट्रॉली टायरवरच बरी. रिकाम्या ट्रॉलीचा भार टायरच्या क्षमतेच्या मानाने थोडा असतो. हवा पूर्ण भरलेली असेल, खाली मुरूम किंवा फळी असेल आणि तीन-चार आठवड्यांनी ट्रॉली हातभर पुढे सरकवून टायरचा टेकलेला भाग बदलला, तर टायरचे फारसे बिघडत नाही. सलग चार महिने जागेवरून न हलणारी, चांगले टायर असलेली ट्रॉली मात्र उचलून ठेवणे फायद्याचे आहे.

टायर आधीच जुना असेल तर ही खटपट कशासाठी, हेही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. आतले धागे दिसू लागलेला टायर टेकूंवर ठेवून वाचत नाही. ट्रॉलीला अनेकदा रिमोल्ड टायर बसवलेले असतात. त्यांच्या बाजूवरचा आकडा मूळ टायरचा असतो, वरच्या नव्या रबराचा नाही.

एक गोष्ट निश्चित आहे. जागा पक्की नसेल तर ट्रॉली उचलूच नये. हवा भरलेल्या टायरवर उभी ट्रॉली फार तर रुतते. कच्च्या टेकूवरची ट्रॉली कलंडते.

काळ्या मातीचा हिशेब

जिल्ह्यातली भारी काळी जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत त्याच भेगा मिटून जमीन वर उचलली जाते. ही हालचाल सगळीकडे सारखी होत नाही. पन्हाळीचे पाणी पडते ती बाजू आधी फुगते, गोठ्याच्या छपराखालची कोरडी राहते. एक टेकू छपराखाली आणि दुसरा उघड्यावर असेल, तर जूनमध्ये सपाट ठेवलेली ट्रॉली पोळ्यापर्यंत तिरकी झालेली दिसते.

ओली माती किती भार पेलते, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. दोन चाकी रिकामी ट्रॉली साधारण एक टनाच्या आसपास भरते. एका बाजूच्या टेकूवर ५०० किलो आले असे धरू. टेकूखाली एकच आडवी वीट असेल, तर सुमारे २५० चौरस सेंटिमीटरवर ५०० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब पडतो. खाली ४५ सेंटिमीटर लांब-रुंद फळी असेल तर तोच दाब पाव किलोपर्यंत उतरतो. आता ६० किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३०० ग्रॅम दाब देतो. जुलैतल्या पेरलेल्या वावरात तेवढ्यानेही पाय रुततो. विटेचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. मोठी फळीसुद्धा भुसभुशीत काळ्या मातीत भरवशाची नाही.

म्हणून जागा वावरातली किंवा धुऱ्यावरची नको. घराजवळची, तुडवून घट्ट झालेली, पाणी न साचणारी जागा घ्यावी. दोन्ही टेकूंखालची वरची काळी माती हातभर काढून तिथे मुरूम थराथराने ओलवून ठोकून भरावा आणि त्यावर जाड फळी किंवा काँक्रीटची लादी ठेवावी. पातळ शहाबादी फरशी उपयोगाची नाही, ती मध्ये तडकते. चारही बाजूंनी पाणी बाहेर वाहून जाईल असा चर काढावा. हे काम एकदाच करावे लागते आणि पुढची कितीतरी वर्षे तीच जागा वापरता येते. बरड, मुरमाड जमिनीच्या गावांत यातली निम्मी खटपट वाचते.

नाल्याच्या काठाची जागा टाळावी. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगरला पुरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत घ्यावी लागली होती. एरव्ही कोरडे दिसणारे नाले या भागात किती वेगाने चढतात, हे त्या वेळी दिसले.

टेकू कशाचा आणि कुठे

सुट्या विटांची चळत हा सर्वांत सहज मिळणारा आणि सर्वांत वाईट टेकू आहे. भट्टीची वीट भिजली की कमजोर होते आणि पोकळ सिमेंट ब्लॉक तर आधी कुठलीही खूण न दाखवता एकदम फुटतो. दगडावर दगड रचणेही नको. बाभळीचे चौकोनी ठोकळे उत्तम, बैलगाड्यांसाठी हे लाकूड पूर्वीपासून वापरात आहेच. ठोकळे एक थर आडवा, एक थर उभा असे चौकटीत रचावेत. चळतीची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त नसावी. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात रुंद तळाचे लोखंडी स्टँड करून मिळतात. त्यांच्या माथ्यावर एक्सल बसेल अशी खाच हवी, सपाट माथ्यावरून एक्सल घसरतो.

टेकू एक्सलखाली, स्प्रिंगच्या पाट्यांजवळ द्यावा. पत्र्याच्या हौद्याखाली कधीही देऊ नये, पत्रा वाकतो. दोन चाकी ट्रॉली एक्सलवर तराजूसारखी तोललेली असते. पुढचा दांडा टेकवला म्हणून काम संपत नाही. मागच्या फाळक्यावर दोन मुले चढली तरी दांडा वर उचलला जाऊ शकतो. म्हणून चासीच्या मागच्या टोकाखालीही टेकू लागतो. दांड्याखालचा पाय फक्त दांडा धरण्यासाठी असतो, सगळी ट्रॉली पेलण्यासाठी नाही. थंड देशांतल्या ट्रेलरच्या कोपऱ्यांत असलेल्या पायांबद्दलही हीच चूक होते. ते डगमग थांबवण्यासाठी असतात, लोक त्यांच्यावर अख्खा ट्रेलर उचलतात आणि पाय वाकतात.

चार चाकी ट्रॉलीचा पुढचा एक्सल फिरत्या चकतीवर असतो. दांडा कुणी बाजूला ओढला तर एक्सल फिरतो आणि टेकू निसटतो. अशा ट्रॉलीला पुढच्या बाजूने चकतीमागे चासीखाली टेकू द्यावा आणि दांडा सरळ ठेवून साखळीने बांधावा.

उचलताना

जॅक सरकला की सुटका करून घ्यायला वेळ मिळत नाही. हे काम दोघांनी, दिवसा, कोरड्या जमिनीवर, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी करावे. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी. ट्रॅक्टर गिअरमध्ये, ब्रेक लावलेला आणि इंजिन बंद असावे. जी बाजू उचलायची नाही तिच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावावेत. जॅक जाड फळीवर ठेवून एक्सलखाली लावावा. एक बाजू उचलली की लगेच टेकू सरकवून भार त्यावर उतरवावा, मग दुसरी बाजू. टेकू सरकवताना हात बाजूने न्यावा, अंग ट्रॉलीखाली जाता कामा नये. शेवटी मागचा आणि दांड्याचा टेकू देऊन मगच पिन काढावी.

हायड्रॉलिक जॅकवर ट्रॉली ठेवून देणे हा धोका आहे. त्यातले तेल हळूहळू मागे जाते आणि रात्रीतून जॅक खाली बसतो. डंपिंगची ट्रॉली असेल तर हौदा पूर्ण खाली उतरवलेला हवा.

किती उचलावी? टायरखालून रिकामे पोते ओढून काढता येईल इतकीच. काही जण चाके हातभर अधांतरी ठेवतात, त्यात काही मिळत नाही. टायर जमिनीपासून बोटभर अंतरावर असेल, तर टेकू दगावला तरी ट्रॉली बोटभरच खाली येते आणि चाकांवर उभी राहते. चोरीच्या भीतीने चाके काढून घरात ठेवणाऱ्यांना हे शेवटचे संरक्षण उरत नाही. तरीही काढायचीच असतील तर टायर बाहेर उघड्यावर टाकू नयेत. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

पावसाळाभर

ठेवण्याआधी हौदा धुवावा. पोटॅशसारख्या खताचे कण पत्र्याला लवकर गंज आणतात. फाळका उघडा ठेवून मागे किंचित उतार ठेवला की पाणी साचत नाही. चाकांच्या बेअरिंगला नवे ग्रीस भरावे. टायरवर पोती टाकण्याची रीत उन्हाळ्यात ठीक आहे, पावसात भिजलेली पोती रिमला गंज चढवतात. त्यापेक्षा टिनाची सावली बरी. टायरला ऑइल किंवा डिझेल पुसून चमक आणण्याचा प्रकार घातकच, त्याने रबर फुगून मऊ पडते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर टेकू पाहावेत, मग पोळ्याच्या सुमारास पुन्हा एकदा. एखादा टेकू कलला असेल तर तो ठोकून सरळ करू नये. तिथे जॅक लावून भार काढावा आणि टेकू नव्याने बसवावा. ट्रॉलीखालची कोरडी जागा सापांना आणि विंचवांना आवडते, म्हणून हात घालण्याआधी काठीने चाचपून घ्यावे. मुले झोका बांधायला हीच जागा शोधतात, त्यांना लांब ठेवावे.

वेचणीआधी ट्रॉली उतरवताना क्रम उलटा. आधी टायरमध्ये हवा भरावी, ट्रॅक्टर जोडावा, चाकांना दगड लावावेत आणि मग एकेक टेकू काढावा. रिकामी ट्रॉली गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर फिरवून आणून चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि चाकाचा तुंबा हाताला गरम लागतो का ते पाहावे. गरम लागला तर बेअरिंगमध्ये पाणी शिरलेले असू शकते, आणि ते कापूस भरण्याआधीच उघडून तपासावे व साफ करावे लागेल.