किल्लारीनंतर, भूजनंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा मानसिक आघातावरचा डोळ्यांच्या हालचालींचा उपचार जेमतेम सहा वर्षांचा होता. अमेरिकेत फ्रान्सिन शापिरो यांना तो १९८७ मध्ये सुचला. पहिला अभ्यास, अवघ्या बावीस जणांवरचा, १९८९ चा. भारतीय समुपदेशकांना त्याचं प्रशिक्षण मिळालं ते २००१ च्या भूज भूकंपानंतर. मदत म्हणजे तंबू, धान्य आणि पत्रे, ही आपली समजूत तोवर पक्की होती. या उपचाराची रीत अशी: कोसळत्या भिंतीचं दृश्य मनात धरायचं, समोर डावी-उजवीकडे फिरणाऱ्या दोन बोटांमागे नजर न्यायची, थांबायचं, आता काय जाणवतं ते सांगायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

हे थोतांड वाटावं, इतकं साधं आहे. गुण येतो तो आठवणीला सामोरं गेल्यामुळे, बोटं निव्वळ देखावा, असा आक्षेप जाणकारही घेतात. २००१ च्या एका एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष तसाच होता. २०१३ च्या दुसऱ्या विश्लेषणात मात्र डोळ्यांच्या हालचालींचा वेगळा परिणाम दिसला. नजर गुंतली की कार्यकारी स्मृतीवर ताण येतो आणि दृश्याची धार बोथट होते, हे स्पष्टीकरण मला पटतं. वाद अजून मिटलेला नाही, हेही खरं.

पण उपचार लागू पडतो का, हा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच आघातोत्तर तणाव विकारासाठी त्याची शिफारस केली. असा आघात फक्त भूकंपातच होतो असं नाही. नाशिकच्या वाचकांना २००३ च्या कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी आठवत असेल. त्यात ३९ भाविक दगावले. पुढच्या कुंभाच्या आराखड्यात रुग्णवाहिकांसोबत प्रशिक्षित समुपदेशकही असावेत, अशी मागणी नाशिककरांनी आत्ताच करावी.