जंगलाचे खरेदीखत

नागपूरच्या माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर एक हौस मनाशी धरली आहे. बालाघाटच्या पुढे, बैहरच्या वाटेवर कोठे तरी एक-दीड एकर झाडी विकत घ्यावी, तिच्यात मातीच्या भिंतींची आणि कौलारू छपराची एक झोपडी उभारावी, आणि पावसाळा संपला की तेथे जाऊन राहावे. शहरातील दोन खोल्यांना जी किंमत पडते तिच्या मानाने हा सौदा स्वस्त. दलालाने दिलेले कागद घेऊन ते एके सकाळी माझ्याकडे आले. ‘‘जमीन माझी होईल, ते कळले. पण झाडे माझी होतील ना?’’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. प्रश्न भाबडा वाटतो. परंतु त्या मुलुखात तो शंभर-दीडशे वर्षे विचारला जात आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. ती हकीकत सांगण्याचे आज योजिले आहे.

बालाघाट म्हटले की पुष्कळांना बीड-धाराशिवकडील डोंगररांग आठवते. आपला बालाघाट तो नव्हे. हा जिल्हा वैनगंगेच्या काठचा. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी १८६७ साली तो निर्माण केला. घाटाखाली वारासिवनीकडील भाताची खाचरे आणि तळी. घाटावर बैहरचे पठार, तेथे सरईची म्हणजे सालाची दाट वने. खालचा भाग नागपूरकर भोसल्यांच्या अमलात चांगला वसलेला होता. वरचा मात्र जवळजवळ ओसाड होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लछमन नाईक नावाच्या माणसाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे बसविली असे सरकारी गॅझेटियर सांगते. पुढे कर्नल ब्लूमफील्ड या अधिकाऱ्याने पोवार कुटुंबांना उत्तेजन देऊन बैहरकडे आणले. तळे बांधावे आणि भात पिकवावा, हे पोवारांचे पिढीजात कसब. त्या काळी जमीन विकत घ्यावी लागत नव्हती. जंगल तोडील त्याची ती होई. माणसाला तोटा होता, रानाला नव्हता.

रानाला किंमत आली ती कलकत्त्याहून. १८६१ च्या ऑक्टोबरात लॉर्ड कॅनिंग यांनी पडीत जमिनी विकण्याचा ठराव काढला. झाडी न तोडलेली जमीन एकरी अडीच रुपये, तोडलेली पाच रुपये. एका खरेदीदाराला तीन हजार एकरांपर्यंत. आणि सारा कायमचा माफ. युरोपीय माणसाने येथे येऊन मळे करावेत असा त्यामागील हेतू होता. विलायतेतील भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांना हा सौदा फारच स्वस्त वाटला आणि त्यांनी मोजणी व लिलाव यांची अट घातली. आसामात आणि निलगिरीत चहा-कॉफीचे मळे झाले. सातपुड्यात तसे काही घडले नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी जे घडले ते निराळ्या वाटेने. मध्यप्रांताची जमाबंदी झाली तेव्हा भोसल्यांच्या काळी केवळ सारा गोळा करून देणाऱ्या गावपाटलाला इंग्रजांनी गावाचा मालक ठरविले. हाच मालगुजार. शेताबरोबर गावचे पडीत रान, तळे आणि आबादीची जागासुद्धा त्याच्या नावे लागली. लागवडीच्या मानाने फाजील वाटले तेवढे रान सरकारने कापून आपल्याकडे घेतले. उरले ते मालगुजारी जंगल. काल ज्याच्या हाती केवळ वहीखाते होते तो आज सागाच्या झाडांचा धनी झाला! हे दान देताना त्या झाडांखाली राहणाऱ्याला कोणी विचारले नाही. बैगा हे बैहरच्या रानातील जुने रहिवासी. ते कुऱ्हाडीने झाडी पाडून, जाळून, तिच्या राखेत बी टाकीत. या शेतीला बेवर म्हणतात. ती सरकारने बंद केली आणि १८९० साली शेजारच्या मंडला जिल्ह्यात, आजच्या दिंडोरीत, एक राखीव टापू तेवढा बेवरीसाठी मोकळा ठेवला. बैगांजवळ खरेदीखत नव्हते. ते असावे लागते हेच त्यांना ठाऊक नव्हते.

पुढे रेल्वे आली, स्लीपरांची मागणी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. गोंदिया-भंडाऱ्याकडे विड्यांचे कारखाने निघाले आणि तेंदूच्या पानाला भाव आला. आता जंगल विकले जाऊ लागले, पण कसे? मालगुजार जमीन क्वचितच विकी. तो ठेका देई. पाच वर्षे बांबू तोडा, दहा वर्षे सरपण न्या, इतके हंगाम तेंदूपाने गोळा करा, लाख काढा, मोहफुले वेचा. पैसे रोख, आणि कागद बहुधा साधा. घेणारेही सगळेच मोठे व्यापारी नव्हते. गाठीचे चार पैसे रानात गुंतवून नशीब काढू पाहणारी लहान माणसे त्यांत पुष्कळ होती. आपण जंगल ‘घेतले’ असेच ती म्हणत.

१९५० साली त्या वेळच्या मध्यप्रदेशाने, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या राज्याने, मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा केला. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांची आणि जमीनदारांची जंगले सरकारजमा झाली. या कायद्याचे पाचवे कलम मला फार बोलके वाटते. गावठाणातील घरे, किंमत देऊन घेतलेल्या घरांच्या जागा, बारा वर्षे सलग ताब्यात असलेली आवारे आणि त्या आवारांतील विहिरी व झाडे ज्याची त्याच्याकडे राहतील, असे त्यात म्हटले आहे. परिणाम असा की ज्याच्याजवळ दहा हजार साग होते त्याचे सगळे साग गेले. आणि ज्याच्या झोपडीच्या अंगणात एकच आंबा होता त्याचा आंबा कायम राहिला. बैगाची झोपडी मात्र सरकारी रानातील वनग्रामात. तिला हे कलम लागू नव्हते.

मधल्या मध्ये लोंबकळले ते ठेकेदार. मालक गेला, पण त्याने आधीच विकलेल्या पानांचे आणि लाकडांचे काय? डिसेंबर १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्या खटल्यात निकाल दिला, की हे करार जमिनीचे नसून वस्तूंच्या खरेदीचे आहेत, सबब सरकारने त्यांत हात घालू नये. ठेकेदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार काळ टिकला नाही.

१९५८ च्या मार्चात शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्याचा निकाल लागला. विदर्भाचे जिल्हे १९५६ साली मुंबई राज्यात आले आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिला, म्हणून कायदा मध्यप्रदेशाचा आणि प्रतिवादी मुंबई राज्य, असा हा योग. या बाईंना त्यांच्या जमीनदार यजमानांनीच २६ एप्रिल १९४८ रोजी एक लेख करून दिला होता. २६ डिसेंबर १९६० पर्यंत जमीनदारीच्या ठरावीक रानांतून बांबू, सरपण आणि साग तोडून न्यावा. मोबदला २६ हजार रुपये. लेखाची नोंदणी केलेली नव्हती. नवरा-बायकोच्या व्यवहारात नोंदणी कचेरीची पायरी कोण चढतो? पण तेथेच घात झाला. बाईंचा अर्ज फेटाळला गेला.

त्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. बोस नागपूरचे, तेथे वकिली केलेले आणि तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात उभे इमारती लाकूड स्थावर गणलेले नाही. इतर झाडे, जमिनीत रुजलेली म्हणून, स्थावर. मग एकच साग केव्हा लाकूड आणि केव्हा झाड? बोस यांचे म्हणणे थोडक्यात असे : झाड लवकरच तोडावयाचे असेल तर तोपर्यंत ते जमिनीतून जे पोषण घेईल ते नगण्य समजावे, ते जंगम लाकूड झाले. परंतु बारा वर्षे ते उभे राहणार, वाढणार, मातीतून रस ओढणार असेल, तर घेणाऱ्याने लाकडाबरोबर मातीचाही उपभोग घेतला. तो हक्क स्थावर झाला, आणि शंभर रुपयांवरील स्थावराला नोंदणी हवीच. कायद्याचे पुष्कळ निकाल वाचताना झोप येते. हा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे झाड उभे राहिले, हे मला कबूल केले पाहिजे.

पुढच्याच वर्षी महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात तेंदूपानांच्या ठेकेदारांची पाळी आली. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. तेही नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. ठेकेदारांच्या करारांत पाने खुडण्याबरोबर झाडे छाटण्याचे, रान जाळून कोवळी पालवी आणविण्याचे आणि कोठारांसाठी जागा वापरण्याचेही हक्क होते. इतके सगळे असल्यावर हा केवळ पानांचा सौदा कसा म्हणावा? १९५२ चा निकाल तेथे उपयोगी पडला नाही. ठेकेदार हरले. १९६४ साली मध्यप्रदेशाने आणि १९६९ साली महाराष्ट्राने कायदे करून तेंदूपानाचा व्यापारच आपल्या हाती घेतला आणि हा वाद निकालात निघाला.

रानाचा वाद मात्र निघाला नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की मालक कोणी असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच. केंद्राच्या संमतीवाचून त्याचा दुसरा उपयोग नाही. मालगुजारीच्या काळी गुरे चारण्यासाठी राखलेली पूर्व विदर्भातील झुडपी जंगलेही वनच आहेत, असे याच न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. त्या जागांवर दरम्यान घरे, शाळा आणि कचेऱ्या उभ्या राहिलेल्या होत्या. वैनगंगेपलीकडे बालाघाटच्या महसुली कागदांत याचेच भावंड भेटते : ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’. आणि रानातील रहिवाशांसाठी २००६ साली जो वनहक्क कायदा झाला त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली चार हेक्टरांपर्यंतची जमीन त्यांना देऊ केली. हा हक्क मुलांकडे जातो, पण विकता येत नाही.

माझ्या स्नेह्यांनी आणलेले कागद मी नीट पाहिले. जागा बैहर तहसिलीतील. ती तहसील अनुसूचित क्षेत्रात मोडते; तेथे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही. विकणाऱ्याचे आडनाव पाहून मी त्यांना ते मोठ्याने वाचावयास सांगितले. त्यांनी वाचले आणि ते थोडा वेळ गप्प राहिले. दलाल म्हणाला होता की कागद एका बिगर-आदिवासी माणसाच्या नावे करून मग पुढे जाऊ. असे तिकडे पुष्कळ करतात म्हणे. मी त्यांना जुना मिसल बंदोबस्त आणि निस्तारपत्रक यांच्या नकला आधी काढून आणावयास सांगितले : या एक-दीड एकरात त्या काळी कोण राहत होते आणि कोणाची गुरे चरत होती ते त्यांत सापडेल. पुढच्या सोमवारी ते बालाघाटला जाणार आहेत.