‘सुखकेंद्र’ : मेंदूविज्ञानातील एका संज्ञेचा इतिहास

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात प्रयोगांची नोंद जितक्या काळजीने ठेवली जाते, तितक्या काळजीने त्या प्रयोगांना मिळालेल्या नावांची ठेवली जात नाही. मेंदूतील ‘सुखकेंद्र’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. लोकप्रिय लेखनात ती आजही सहज आढळते. ही संज्ञा कशी रूढ झाली आणि तिच्यामुळे व्यसनाच्या आकलनात कोणती चूक शिरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मॉन्ट्रियल, १९५३-५६

हार्वर्डहून आलेला तरुण संशोधक जेम्स ओल्ड्स आणि मूळचा अभियंता असलेला पीटर मिल्नर हे दोघे १९५३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या विभागात काम करीत होते. उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचे हे प्रयोग होते. एका उंदराच्या बाबतीत इलेक्ट्रोड ठरविलेल्या जागी न बसता भलतीकडे गेला. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात प्रवाह मिळाला, त्या कोपऱ्याकडे तो उंदीर पुनःपुन्हा परतू लागला. पुढे तरफ दाबून स्वतःच प्रवाह घेण्याची सोय उंदरांना करून देण्यात आली, तेव्हा एका उंदराने १२ तासांत ७,५०० हून अधिक वेळा तरफ दाबली.

१९५४ च्या मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘सुख’ हा शब्द नाही. तेथे ‘सकारात्मक प्रबलन’ ही वर्तनवादी संज्ञा आहे. तिचा अर्थ मर्यादित आहे : विशिष्ट परिणाम मिळाल्याने विशिष्ट कृती वाढते, एवढेच ती सांगते. प्राण्याला काय वाटते याविषयी ती मौन पाळते. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, ओल्ड्स यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाचे शीर्षक मात्र ‘मेंदूतील सुखकेंद्रे’ असे होते. या दोन वर्षांत प्रयोगांची व्याप्ती वाढली होती हे खरे. तथापि उंदराला सुख होते हे सिद्ध करणारा नवा पुरावा त्यांत नव्हता. तरफ दाबणे दिसत होते. सुख हा त्यावरून काढलेला तर्क होता.

वाचली न गेलेली नोंद

उंदीर बोलत नाही, पण माणूस बोलतो. न्यू ऑर्लिन्स येथील ट्युलेन विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट हीथ यांनी १९५० पासून रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसविण्यास सुरुवात केली होती. १९६३ मध्ये त्यांनी रुग्णांच्या स्व-उद्दीपनाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यातील ‘बी-१०’ या अपस्माराच्या रुग्णापुढे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडलेली बटणे होती. त्याने सर्वाधिक वेळा दाबलेले बटण थॅलॅमसच्या एका भागाचे होते. आणि त्या बटणाने त्याला सर्वांत सुखद अनुभव मिळत नव्हता, उलट चिडचिड होत होती. एखादी आठवण अगदी जवळ येऊन निसटावी, तसे त्याला होत असे. आणि तरीही तो तेच बटण दाबत राहिला.

हवेसे वाटणे आणि सुख होणे या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, याचा हा स्पष्ट पुरावा होता. तो छापला गेला. परंतु नामकरण आधीच झालेले असल्यामुळे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सुखकेंद्रावरील हा विश्वास निरुपद्रवीही नव्हता. एका समलिंगी तरुणाचा लैंगिक कल बदलण्यासाठी ट्युलेनमध्ये सेप्टल क्षेत्राच्या उद्दीपनाचा वापर झाला व १९७२ मध्ये तो निबंधरूपाने प्रसिद्धही झाला. हा प्रसंग आज वैद्यकीय नीतिशास्त्रात गैरवापराचे उदाहरण म्हणून चर्चिला जातो.

डोपामिनचा अध्याय

१९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांच्या प्रयोगांनी मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे महत्त्व पुढे आणले. पुढे जुनी कल्पना या नव्या द्रव्याला चिकटली. रॉय वाइज यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार डोपामिन रोखले असता प्राण्याचे सुखच नाहीसे होते. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनी ही गोष्ट १९८९ मध्ये तपासली. ज्यांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ नष्ट केले होते, ते उंदीर स्वतःहून अन्नाकडे वळतही नसत. पण तोंडात साखरेचे पाणी घातले की पूर्वीप्रमाणेच जिभल्या चाटत. रुची शाबूत होती. ओढ गेली होती. १९९३ मध्ये या दोघांनी व्यसनाची उपपत्ती याच भेदावर उभी केली : व्यसनात ओढ वाढत जाते, सुख त्या प्रमाणात वाढत नाही. वाइज यांनीही पुढे आपले मूळ मत सोडून दिले, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते.

मराठी भाषकाला हा भेद परका वाटू नये. ‘आवड’ आणि ‘चटक’ यांत आपण नित्य फरक करतो. संस्कृतात तर ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ आपत्ती असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राज्यावरील संकटे आणि राजाची मृगया, द्यूत, मद्यपान यांसारखी दुर्व्यसने यांचा विचार याच एका शब्दाखाली केलेला आहे. तरीही ‘आता त्यात मजा उरली नाही, पण सुटत नाही’ असे व्यसनी माणूस सांगतो, तेव्हा ती सबब मानली जाते. सुखकेंद्राच्या कल्पनेने या अविश्वासाला शास्त्रीय आधार दिल्यासारखे झाले.

ओढ केवळ द्रव्याशी बांधलेली नसते, याचा एक पुरावा प्रयोगशाळेबाहेरून १९७० च्या दशकातच आला होता. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी केला. तेथे सुमारे २० टक्के सैनिक अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेल्याचे आढळले. परंतु त्यांच्यापैकी मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच होते. पदार्थाची सहज उपलब्धता संपली हे त्याचे एक कारण. परंतु ती छावणी, ते सोबती आणि तो दिनक्रमही मागे राहिला होता. हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक तज्ज्ञांनी आधी आकड्यांवरच संशय घेतला.