दाढ, चिकू आणि समुद्रातली केबल

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण माझी दाढ. दापोलीला घरी गेलो आणि रात्री ठणका सुरू झाला. आजीचा सल्ला तयारच होता, "काढून टाक एकदाची. माझ्या सगळ्या अशाच काढल्या." मी मात्र रूट कॅनल करून घेतलं, आणि मग पडल्या पडल्या वाचन सुरू!

किडीने सडलेली दाताची नस काढायची, पोकळी साफ करून बुजवायची, हे झालं रूट कॅनल. बुजवायला वापरतात गुट्टा-पर्चा, मलायातल्या एका झाडाचा चीक. दातांच्या मुळात तो १८६७च्या सुमारास आला. त्याआधी १८५१ साली इंग्लंड-फ्रान्स समुद्री तारेवर त्याचंच वेष्टण होतं, १८७०मध्ये मुंबईला पोचलेल्या केबलवरही तेच. म्हणजे इंटरनेटच्या पणजोबाला ज्याने सांभाळलं, तो माझ्या दाढेत! आणि हे झाड चिकू-बकुळीच्याच कुळातलं. आमच्या अंगणातल्या बकुळीची साल कुटून आजी दात घासायची.

आजीसारखं मत एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांचंही होतं बरं का. १९१०मध्ये विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या भाषणात दातांतला पू सगळ्या शरीराला आजारी पाडतो असं ठासून सांगितलं. पुढची दोन-तीन दशकं अमेरिका-इंग्लंडात वाचवता येण्यासारखे असंख्य दात उपटले गेले. नंतरच्या अभ्यासांत तो सिद्धांत टिकला नाही.

पण दात वाचला म्हणजे काम संपलं असं नाही. हे मी स्वतः भोगलंय. माझी आधीची एक दाढ अशीच वाचवली होती. दुखत नाही म्हणून कॅप वर्षभर टाळली. एक दिवस चिक्की खाताना ती उभी चिरली, आणि काढावीच लागली. नस गेलेला दात आतून किडला तरी ठणकून सांगत नाही, आणि पोखरल्यामुळे तो कमजोरही झालेला असतो.

म्हणून यावेळी कॅप बसेपर्यंत त्या बाजूने चावणं बंद. थोडे दिवस दुखरेपणा राहतो. पण सूज, ताप किंवा वाढता ठणका आला तर लगेच डॉक्टरकडे. दोन वेळा ब्रश आणि फटींतून दोरा चालूच, कारण हिरडी आणि उरलेला दात आपलाच असतो.

असो. सोमवारी कॅपचं माप द्यायला जायचंय. तुमची राहिली असेल तर तुम्हीही उरकून घ्या.